दोस्तिकची चार बोटे, पाचोऱ्याचे तीन फूट

संपादक महाशय,

कझाकस्तान–चीन सीमेवरील दोस्तिक या छोट्या रेल्वेवस्तीविषयी आपल्या दैनिकात आलेला मजकूर वाचला. एका गाडीतील माल दुसरीत चढवण्याच्या तेथील खटाटोपाला त्यात वेळेचा अपव्यय म्हटले आहे. व्यापाऱ्यापुरते ते खरेच आहे. परंतु ती वस्ती जगते त्या खटाटोपावरच, हेही त्यात यायला हवे होते. कझाक रूळ 1520 मिलिमीटर रुंदीचे, चिनी 1435 चे. या जेमतेम चार बोटांच्या फरकापायी कंटेनर क्रेनने उचलून शेजारच्या गाडीवर ठेवावे लागतात आणि प्रवासी डब्यांखालच्या बोग्या, म्हणजे चाकांच्या चौकटी, बदलाव्या लागतात. (दोस्तिक म्हणजे मैत्री, सोव्हिएत काळातील ‘द्रुझ्बा’ या नावाचा अर्थही तोच. तरी दोन्ही देशांचे रूळ तेथे जुळायला 1990 साल उजाडले!)

आम्हा पाचोरेकरांना यात नवल नाही. मुख्य मार्ग साडेपाच फुटी आणि जामनेरला जाणारी आमची ‘पीजे’ (पाचोरा–जामनेर) गाडी अडीच फुटी, म्हणजे फरक बरोबर तीन फुटांचा. शेंदुर्णी-पहूरकडचा जो कापूस त्या 56 किलोमीटरच्या मार्गाने येई, तो पाचोऱ्यात हमालांच्या पाठीवरूनच मुख्य मार्गावरच्या मोठ्या वाघिणीत (मालडब्यात) जाई. माझे वडील त्यांपैकी एक होते. लोखंडी आकडा गाठीच्या पट्टीत अडकवून दोघांनी ती उलथायची आणि फळीवरून वर रेटायची. आकडा निसटला की बोट चेचलेच. घरी आल्यावर त्यांच्या भुवयांत रुईचे तंतू असत. पुढे माल ट्रकवर गेला, तेव्हा हमालांचे काय होणार, असे कोणीही विचारले नाही.

2020 मध्ये करोनाकाळात थांबलेली पीजे पुन्हा धावली नाही आणि आता तेथे ब्रॉडगेजचे काम हाती घेतले आहे. त्याचे स्वागतच आहे. मात्र चर्चा होते ती केवळ प्रवासी गाड्यांची. जामनेर आणि शेंदुर्णी येथे पुरेशा लांबीचे मालधक्के, ट्रक वळायला जागा आणि पावसात कापूस भिजणार नाही अशी शेड आराखड्यातच असावी. अन्यथा रूळ दारात येऊनही शेतकऱ्याचा माल ट्रकनेच पाचोऱ्यास किंवा जळगावास जाईल. नव्या मालधक्क्यांवर स्थानिक हमालांना प्राधान्य मिळावे, हीदेखील विनंती.

— एक वाचक, पाचोरा (जि. जळगाव)