आमच्यासाठी नटून आलेल्या तायांना

प्रिय तायांनो,

प्रभूमध्ये सप्रेम नमस्कार.

तुम्ही आम्हा युवती गटातल्या मुलींसाठी मेजवानी ठेवलीत, त्या संध्याकाळी निघताना तुमचे नीट आभार मानायचे राहूनच गेले. सगळ्याजणी एकदम बोलत होतो, फोटो चालले होते, आणि मी तोंड उघडलं की रडू येत होतं. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही करता ते कुणाच्या फारसं नजरेत येत नाही आणि ते यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

कार्यक्रम म्हटला की आमच्या युवती गटातल्या मुलींना आपलं काम ठाऊक असतं. खुर्च्या लावायच्या, पाणी द्यायचं, वाढायचं, शेवटी आवरायचं. त्यात तक्रार नाही, सेवा आम्ही आवडीनेच करतो. पण आपण टेबलाशी बसावं आणि दुसऱ्या कुणीतरी आपल्याला विचारून वाढावं, हे आमच्यातल्या बऱ्याच जणींच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. सूप संपलं तशी माझ्या शेजारची सवयीने उठली आणि सगळ्यांचे बाऊल गोळा करायला लागली. तिच्या पलीकडे बसलेल्या ताईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, “बस गं. आज उठायचं नाही.” ती बसली. पण नंतर कितीतरी वेळ तिला हात कुठे ठेवावेत तेच कळेना. शेवटी तिने मांडीवरचा नॅपकिन दोन्ही हातांनी घट्ट धरला. ती संध्याकाळ आठवली की मला आधी ते हात आठवतात.

ड्रेसचंही सांगायलाच हवं. “कुणाकडे नाहीये?” असं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. दोरीवर ओळीने ड्रेस टांगलेत आणि सांगितलंत, प्रत्येकीने यातलाच एक निवडायचा. ज्यांच्या घरी कपाटं भरलेली आहेत त्यांनीसुद्धा. त्यामुळे कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. कुठला ड्रेस कुणाच्या कपाटातून आला तेही कळलं नाही. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, हे इतकं पाळलेलं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. मला आवडलेला हिरवा ड्रेस चार बोटं लांब होता. तुमच्यातल्या एक ताई जमिनीवर गुडघे टेकून, ओठांत टाचण्या धरून, माझ्याभोवती हळूहळू सरकत टाके घालत होत्या. मी वरून त्यांच्या केसांतला भांग बघत होते. माझ्यासाठी मोठं माणूस असं खाली बसलंय, याने मला फार अवघडल्यासारखं झालं होतं. तेव्हा बोलता आलं नाही.

आधीच्या रविवारी तुम्ही कागदावर चमचे-काटे काढून सराव घेतला होता. बाहेरच्या बाजूने सुरुवात करायची, काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, मध्येच उठावं लागलं तर नॅपकिन खुर्चीवर ठेवायचा, खाऊन झालं की सुरी-काटा शेजारी शेजारी ठेवायचे. यातलं निम्मं आम्ही तिथे विसरलो. पण काही पडलं तर वाकायचं नाही, दुसरं मागायचं, हे एक लक्षात राहिलं. आमच्यातल्या सगळ्यात अबोल मुलीचा काटा पडला, तोही चांगला आवाज करत. तुम्ही सगळ्याजणी बोलतच राहिलात, मुद्दाम. आणि तिने वाढणाऱ्या काकांकडे बघून स्पष्ट आवाजात विचारलं, “मला दुसरा काटा मिळेल का?” गटात इतकी वर्षं आम्ही एकत्र आहोत, पण स्वतःसाठी काही मागताना तिला मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

बसायच्या जागा तुम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवल्यात आणि आमच्या मध्ये मध्ये बसलात. कुणी प्रवचन दिलं नाही. माझ्या शेजारी बसलेल्या ताईंनी मला विचारलं, सध्या कशाची भीती वाटते. मी सांगितलं की काही महिने माझ्याच्याने प्रार्थनाच होत नाही. त्यांनी लगेच बायबलमधलं वचन काढून दिलं नाही. थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या की 17 व्या वर्षी त्यांचंही असंच झालं होतं, जवळजवळ वर्षभर, आणि त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. एवढंच. त्या रात्री घरी जाऊन मी खूप दिवसांनी प्रार्थना केली, ती अगदी दोन वाक्यांचीच.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात येशूची आई मरीया डोंगराळ भागात तिच्या नात्यातल्या अलीशिबेकडे जाते. गटात तो भाग वाचला तेव्हा माझं सगळं लक्ष मरीयेकडे होतं. आता वाचते तेव्हा अलीशिबा दिसते. वयाने कितीतरी मोठी, याजकाची बायको, आणि तरी दारात आलेल्या त्या कोवळ्या मुलीला तीच म्हणते की तू माझ्याकडे यावंस, हे मला कुठून लाभलं! मरीया तिच्याकडे सुमारे 3 महिने राहिली. का राहिली असेल, ते मला आता कळतं.

कारण तायांनो, तुम्ही नटून आला होतात. एरवी तुम्ही आम्हाला दिसता त्या कामावरून धावत आलेल्या, केस कसेतरी बांधलेले, हातात हजेरीची वही. त्या दिवशी इस्त्रीचे कपडे, कानातले, एका ताईंनी तर पायाला लागतात तरी उंच टाचांच्या चपला घातलेल्या. लोक लग्नाला नटतात, मोठ्या पाहुण्यांसाठी नटतात. 16-17 वर्षांच्या मुलींना भेटायला कुणी एवढं तयार होऊन येतं, हे मी पाहिलं नव्हतं. जे उलट बोलावू शकत नाहीत त्यांनाच मेजवानीला बोलवा, असं प्रभूने सांगितलंय. आम्ही खरंच बोलावू शकत नाही. तुम्हाला ते माहीत होतं आणि तरी तुम्ही आम्हाला मानाचे पाहुणे केलंत.

रात्री प्रत्येकीला दारापर्यंत सोडलंत आणि आत दिवा लागेपर्यंत गाडी हलवली नाहीत. मी खिडकीतून पाहिलं.

हिरवा ड्रेस धुऊन, इस्त्री करून ठेवलाय. तो कुणाचा, ते मला अजून माहीत नाही, म्हणून गटाच्याच कपाटात ठेवते. टाके उसवलेले नाहीत. या वर्षी नवीन आलेल्या मुलींमध्ये माझ्याच उंचीची एक आहे.

प्रभूमध्ये तुमची,
गटातली एक मुलगी