काकू, टोमॅटो लाल झाले

ती. काकूंना,
सा. न. वि. वि.

कॅनडातल्या कॅल्गरीत, उघड्या अंगणात, जुलै संपायच्या आत टोमॅटो लाल झाला. फोनवर तुम्हाला सांगताना मला धड बोलता येईना, आणि तुम्ही तर ‘बरं झालं, मीठ लावून खा’ म्हणून विषयच संपवलात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते. तुम्हाला हे आवडणार नाही, माहीत आहे.

मी जुन्नर तालुक्यातली. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरताना बघत वाढले. बांधणी, करपा, फूलगळ हे आमच्या घरात जेवतानाचे विषय. आणि इथे आल्यापासून जो तो एकच ऐकवायचा: इथे टोमॅटो होत नाही गं, दुकानातून आण. ऐकवणाऱ्यांत इथे मुरलेली आपली मंडळीही होती. एकांनी तर हसत विचारलं, ‘शेतकऱ्याची मुलगी ना तू?’ रोपं विकणाऱ्या माणसाने मोठ्या फळाचं, लावल्यापासून 80-85 दिवस घेणारं रोप हातात ठेवलं आणि वर ‘एकदम सोपं आहे’ म्हणाला. जिथे मे सरेपर्यंत रोप गोठायची धास्ती आणि सप्टेंबरात पुन्हा तीच, तिथे हे रोप विकताना त्याला काहीच वाटलं नसेल? फळं हिरवीच राहिली आणि गारठ्याने काळवंडून गेली. त्याचे पैसे मात्र वेळेत पोचले होते.

तुम्ही आलात आणि काय चुकलं ते विचारलंच नाहीत. विचारलंत, ‘रात्री पारा किती उतरतो तुमच्या अंगणात?’ हा प्रश्न तोवर कुणालाच सुचला नव्हता. उन्हाची इथे ददात नाही, जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. गोम आहे ती रात्रीची. गाव हजार मीटरहून उंच, जुलैतही पहाटे पारा दहाच्या आसपास. एवढ्या गारठ्यात पराग नीट काम करत नाही; फूल येतं आणि गळतं. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, आपल्याकडे हेच उन्हाळ्याच्या तापाने होतं.

मग तुम्ही ‘सब-आर्क्टिक’ची रोपं दिलीत. आपल्याच अल्बर्टा प्रांतातल्या बीव्हरलॉजच्या संशोधन केंद्रात तयार झालेलं वाण. बुटकं, लहान फळाचं, लावल्यापासून दोनेक महिन्यांत पिकणारं. दक्षिणेला तोंड असलेली भिंत, काळ्या बादल्या, रात्री ऊब धरून ठेवायला शेजारी पाण्याने भरलेले दुधाचे रिकामे कॅन, हे सगळं तुमच्याकडूनच कळलं. खरं तर कुणीही सांगू शकलं असतं. सांगितलं नाही, तो भाग वेगळा.

पण मला आभार मानायचेत ते तुमच्या मिस कॉलचे.

‘रात्री पारा फार उतरणार असला, तर एकदा वाजवून ठेवीन. उचलू नकोस, झाकायला जा,’ एवढंच ठरलं होतं. जूनच्या सुरुवातीला तुम्ही लेकीच्या बाळंतपणाला टोरांटोला गेलात. मी धरूनच चालले होते की आता फोन येणार नाही, आणि यायचं कारणही नव्हतं. तरी त्या रात्री भांडी घासताना फोन एकदाच वाजला. आमच्याकडे नऊ, म्हणजे तुमच्याकडे अकरा वाजून गेलेले. घरात ओली बाळंतीण, मांडीवर नातवंड, डिंकाचे लाडू वळायचे पडलेले. त्यातून तुम्ही दुसऱ्याच्या अंगणातल्या बादल्यांसाठी आमच्या गावचा पारा बघितलात! जुन्या सुती साड्या घेऊन मी बाहेर पळाले. सकाळी शेजारच्यांचा झेंडू काळा पडला होता. आमच्या रोपांचं एक पानही वाळलं नव्हतं.

सल्ला द्यायला इथे माणसांची वाण नाही. तुमच्यासारखं आठवण ठेवणारं माणूस मला परदेशात तरी पहिल्यांदा भेटलं. हे लिहितानाही डोळ्यांत पाणी येतंय, टोमॅटोसाठी रडते म्हणून हा हसतोय. हसू दे.

बाबांना फोटो पाठवला. ‘लिंबाएवढं फळ, मार्केटात कोण विचारील?’ म्हणाले, आणि दहा मिनिटांनी परत फोन करून वाणाचं नाव विचारलं.

वाण सरळ आहे, संकरित नाही, त्यामुळे पहिल्या फळांचं बी धुऊन वाळत घातलंय. शनिवारी आणून देते. हिरवे थोडे काढलेत, त्यांची चटणीही आणीन; शेंगदाण्याचं कूट घालू का तीळ, तेवढं कळवा.

तुमची,
बादल्यांवाली