रथाचं चाक समजावून देणाऱ्या सुतारकाकांना

आदरणीय सुतारकाका,

स. न. वि. वि.

‘रथ’ या शब्दावरची आमची टिपणं पुरी झाली. त्यांतला सगळ्यांत भक्कम भाग तुमच्यामुळे उभा राहिला, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत. कोशात शब्दाचं मूळ सापडतं. पण मूळ धातूचा चाकाशी संबंध का असावा, हे कळायला चाक खोलून दाखवणारा माणूस लागतो. तुम्ही तुंबा (चाकाचा मधला गोळा), आरे (त्यातून कडेकडे जाणाऱ्या काठ्या), पुठ्ठे (कडेचे लाकडी तुकडे), धाव (कडेवरची लोखंडी पट्टी), आख (चाकं ज्यावर फिरतात तो आडवा दांडा) हे सगळं एकेक सुटं करून दाखवलंत, आणि मग जुनी वचनं आपोआप उलगडायला लागली.

आधी शब्दाचंच सांगतो. रथ म्हणजे मुळात ‘चाकाचा’. लॅटिनमध्ये ‘रोटा’ म्हणजे चाक, जर्मनमध्ये ‘राड’ म्हणजे चाक. लिथुआनियनमध्ये ‘रातास’ म्हणजे चाक आणि त्याचंच अनेकवचन ‘राताय’ म्हणजे गाडी. अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, ‘रथ’ आपल्यासारखाच वाहनाच्या अर्थाने येतो. पश्चिमेकडे तो शब्द चाकापाशी थांबला, आपल्याकडे आणि इराणात तो पुढे जाऊन वाहन झाला. ग्रीकांच्याही बाबतीत असंच घडलेलं दिसतं. ग्रीसमधल्या क्नोसोस आणि पायलोसच्या मातीच्या पाट्यांवर ‘आमो’ म्हणजे चाक, आणि पुढे होमरच्या भाषेत त्याच घराण्यातला ‘हार्मा’ म्हणजे रथ. हे परकं वाटायचं कारण नाही. आपणही ‘दुचाकी काढ’, ‘चारचाकी घेतली’ असंच म्हणतो. चाकावरून वाहनाला नाव द्यायची खोड पाच हजार वर्षांत गेलेली नाही.

बाकीचे भाग तर अजून तुमच्या तोंडी आहेत. अक्षाचा आख झाला, युगाचं जू झालं, अराचा आरा झाला. लॅटिन ‘अॅक्सिस’ आणि ‘युगुम’, इंग्रजी ‘अॅक्सल’ आणि ‘योक’ हे सगळे त्यांचे भाऊबंद. तुंब्याला वेदात ‘नाभि’ म्हणतात आणि जर्मन सुतार आजही ‘नाबे’ म्हणतो. संस्कृत शिकलेल्या माणसाला ‘अक्ष’ म्हटलं की भूगोलाचं पुस्तक आठवतं. तुम्हाला वंगण आठवतं, आणि वेदातल्या कवीला काय आठवत होतं हे तुमच्यावरूनच कळतं.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १६४व्या सूक्तात पाच आऱ्यांच्या चाकाविषयी म्हटलं आहे, ‘तस्य नाक्षस्तप्यते भूरिभारः’. एवढा भार असूनही त्याचा आख तापत नाही. ही ओळ सगळे काळाचं रूपक म्हणून वाचतात, आणि ती आहेही तशी. पण तुम्ही आखाला एरंडेलात भिजवलेला ताग कसा गुंडाळायचा ते दाखवलंत. वंगण सुकलं की आख आधी कुरकुरतो, मग तुंब्याचं भोक काळं पडतं, लाकूड जळल्याचा वास येतो, भोक मोठं होत जातं आणि चाक डुलायला लागतं, हेही सांगितलंत. त्यानंतर त्या ओळीतलं ‘तापत नाही’ हे शब्दशः खरं वाटलं. ओळीच्या पुढच्या अर्ध्यात चाक नाभीसकट मोडत नाही असं आहे. आधी आख तापतो आणि मग तुंबा जातो, हा क्रमसुद्धा तुमच्या सांगण्याला धरून आहे.

त्या भोकाचंच आणखी एक. वेदात तुंब्याच्या भोकाला ‘ख’ म्हणतात. अपालेच्या सूक्तात रथाचं ख, गाडीचं ख आणि जुवाचं ख अशी तीन भोकं ओळीने येतात. ऋभूंनी, म्हणजे देवांच्या कारागिरांनी, अश्विनांसाठी रथ तासला, त्याला ‘सुखं रथम्’ असं विशेषण आहे. सुख या शब्दाची एक व्युत्पत्ती इथूनच काढतात. ज्याच्या तुंब्याचं भोक चांगलं, तो सु-ख. ‘भोक मधोमध नसलं तर बाकी चाक सोन्याचं केलं तरी गाडी हेलपाटणार,’ हे तुमचं वाक्य आम्ही त्या टिपणाच्या शेजारीच लिहून ठेवलं आहे. आतल्या बाजूला भोक रुंद आणि बाहेरच्या बाजूला निमुळतं, आखाचं टोकही तसंच निमुळतं. हे माप थोडं जरी चुकलं तरी चाक एकतर आवळून बसतं किंवा सैल पडून खिळीवर आदळत राहतं.

खिळीविषयी तुम्ही सांगितलेलं आम्हाला फार मोलाचं वाटलं. खिळीवर गाडीचं वजन येत नाही, ते आखावर येतं. खीळ फक्त चाकाला बाहेर सरकू देत नाही. उतारावर, वळणावर किंवा एक चाक खड्ड्यात गेलं की चाक बाहेर रेटलं जातं, तेवढा बाजूचा दाब तिने सोसायचा. कैकेयीने खिळीच्या जागी बोट घालून दशरथाचा रथ सावरला, ही लोकांत चालत आलेली कथा याच जागेवर बेतलेली आहे. वाल्मीकींच्या कथेत ती बेशुद्ध राजाला रणातून दूर नेऊन वाचवते, तिथे बोटाचा उल्लेख नाही. बोटाची कथा ज्याने जोडली त्याला रथात नेमकी कोणती लहानशी वस्तू निखळली की सगळं संपतं, हे ठाऊक असणार. संस्कृतात या खिळीला ‘आणि’ म्हणतात. मराठीत मात्र ‘कामाला खीळ बसली’ म्हणजे काम थांबलं. गाडीची खीळ चाक चालतं ठेवते, हे तुम्ही दाखवेपर्यंत आमच्याही लक्षात आलं नव्हतं.

आता कडेकडे येतो. तुमच्या चाकाला सहा पुठ्ठे, प्रत्येक पुठ्ठ्यात दोन आरे, म्हणजे बारा. वेदातलं वर्षाचं चाकही ‘द्वादशार’, बारा आऱ्यांचंच आहे. पण कडेच्या घडणीत मोठा फरक आहे. तुमचे पुठ्ठे तासून केलेले आणि एकमेकांना जोडलेले. वैदिक रथाची नेमी, म्हणजे चाकाची कड, वाकवलेली होती. सातव्या मंडलात कवी म्हणतो, सुतार चांगल्या लाकडाची नेमी वाकवतो तसा मी इंद्राला स्तुतीने वाकवतो: ‘नमे गिरा नेमिं तष्टेव सुद्र्वम्’. वाकवायचं लाकूड रेषेत फाडलेलं हवं. करवतीने कापलं की तंतू मध्येच तुटतात आणि वाकवताना तिथूनच चिरतं, हे तुमचं सांगणं या ‘सुद्र्वम्’चं उत्तम भाष्य आहे. चांगल्या लाकडाची, म्हणजे ज्याची रेष सरळ आहे अशा लाकडाची.

लाकडाची नावंही ऋग्वेदात आहेत. तिसऱ्या मंडलात खैराचा गाभा आणि शिंशपा (शिसवाच्या जातीचं झाड) एकाच ऋचेत येतात आणि त्याच ऋचेत आखाला घट्ट राहा म्हणून विनवलं आहे. सूर्याची मुलगी सूर्या, तिच्या लग्नाचा रथ मात्र पळसाचा आणि सावरीचा आहे. सावरीचं लाकूड हलकं आणि ठिसूळ, ते आखाला कोण लावेल, असं तुम्ही लगेच म्हणालात. आम्हालाही पटतं की नवरीच्या रथात फुलांचा रंग महत्त्वाचा होता. दोन्ही झाडांना लाल-केशरी फुलं येतात.

मापं हवी असतील तर आपस्तंबाच्या शुल्बसूत्रात आहेत. दांडी १८८ अंगुळे, आख १०४ आणि जू ८६. अंगूळ पाऊण इंचाचं धरलं तर दांडी साडेतीन मीटरच्या थोडी वर, आख जवळजवळ दोन मीटर आणि जू सव्वासोळाशे मिलिमीटरच्या आसपास. ही मापं यज्ञाची वेदी आखायला दिलेली आहेत, म्हणजे रथ हीच मोजपट्टी होती.

धाव चढवण्याचा भाग आम्ही सगळ्यांत सविस्तर लिहिला आहे, कारण शहरातल्या वाचकाने तो पाहिलेलाच नसतो. धाव चाकाच्या परिघापेक्षा मुद्दाम आखूड करायची. गोवऱ्यांच्या आरात लाल करायची. पाच फुटी चाकाचा परिघ सुमारे ४.८ मीटर, एवढी लोखंडी पट्टी सहाशे अंशांनी तापली की साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास वाढते. तेवढ्यात ती चिमट्यांनी चढवायची आणि लगेच पाणी मारायचं. ती आवळते आणि साल-कुसवाचा, म्हणजे आऱ्याचं टोक भोकात बसवलेला, प्रत्येक सांधा आत दाबते. धाव फार आखूड केली तर आरे वाकतात आणि चाक बशीसारखं होतं. लांब राहिली तर उन्हाळ्यात लाकूड सुकलं की गळून पडते, म्हणून वैशाखात चाकं ओढ्यात भिजत घालायची.

लोखंडी धाव नव्हती तेव्हा काय करत होते, याचं उत्तर इजिप्तमध्ये मिळतं. १९२२ साली उघडलेल्या तुतनखामनच्या थडग्यात सहा रथ निघाले. त्यांच्या चाकांना सहा-सहा आरे आहेत. प्रत्येक आरा दोन अर्ध्या फाळींचा. इंग्रजी ‘व्ही’सारखी वाकवलेली सहा लाकडं पाठीला पाठ लावून सरसाने चिकटवली आणि ओल्या कच्च्या कातड्याने आवळली. कातडं सुकताना आकसतं, म्हणजे तुमच्या धावेचंच काम, फक्त आगीऐवजी उन्हाने. खोट एकच, दमट हवेत ते पुन्हा सैल पडतं. ग्रीसमधल्या त्या पाट्यांवर चाकांची यादी रथांपासून वेगळी आहे, आणि होमरच्या काव्यात देवीचा रथ जोडताना चाकं नव्याने बसवली जातात. एवढं हलकं चाक वजनाखाली उभं ठेवलं तर एका बाजूला चेपतं, म्हणून काढून ठेवणंच शहाणपणाचं.

आरे नाहीत तर तो रथ म्हणायचा का, हा वाद तुमच्या एका प्रश्नाने आमच्यापुरता सोपा झाला: ‘भरीव चाकाला घोडा पळवायचा कशाला?’ प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ साली सापडलेलं काशाचं वाहन सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आहे. त्याला बैल जुंपलेले आणि चाकं भरीव आहेत. उत्तर प्रदेशात सिनौलीला २०१८ साली निघालेल्या वाहनांची चाकंही भरीव, त्यांवर तांब्याचे त्रिकोण जडवलेले. उरल पर्वताच्या दक्षिणेला सिंताष्टाच्या थडग्यांत मात्र सुमारे इ. स. पू. २०००च्या चाकांचे आरे मातीतल्या नुसत्या डागांच्या रूपाने उरले आहेत. वेदात ओझ्याच्या गाडीला ‘अनस्’ आणि पळणाऱ्या वाहनाला ‘रथ’ असे दोन वेगळे शब्द आहेत. आम्ही तीच वाटणी पाळली आणि दायमाबादच्या चित्राखाली ‘बैलजोडीचं वाहन’ असं लिहिलं.

शब्द किती लांब गेला, हे तुम्हाला ऐकायचं होतं. तुर्कस्तानात हत्तुशा या प्राचीन हित्ती राजधानीत सापडलेल्या पाट्यांत मितन्नी या जुन्या राज्यातला किक्कुली घोडे कसे तयार करायचे ते सांगतो. तिथे फेऱ्यांची नावं ‘ऐकवर्तन्न’, ‘तेरवर्तन्न’, ‘पंझवर्तन्न’ अशी आहेत. एक, तीन, पाच वळणं, इ. स. पू. चौदाव्या शतकाच्या आसपासची ही मोजणी आजही कानाला ओळखीची लागते. थायलंडमध्ये कोणत्याही गाडीला ‘रोत’ म्हणतात, तो आपला रथच. तिथली रेल्वे म्हणजे ‘रोत फाय’, आगीचा रथ. आपल्या आजीने ‘आगगाडी’ म्हटलं, त्यांनी तेच म्हटलं. सिंहलीत मोटार म्हणजे ‘मोटर रथय’. बुद्धिबळात मात्र आपणच त्याला घालवलं. चतुरंगातला कोपऱ्यातला रथ इराणात रुख झाला, इंग्रजीत रूक झाला आणि मराठीत त्याच्या जागी हत्ती उभा आहे.

रथसप्तमीच्या पाटावर आपण सात घोडे काढतो. त्याच १६४व्या सूक्तात म्हटलं आहे की सात जण एका चाकाचा रथ जुंपतात आणि सात नावांचा एकच घोडा तो ओढतो. यंदा तुमच्या घरच्या पाटावर रक्तचंदनाचा रथ काढाल तेव्हा चाक एकच काढलंत तरी ते वेदाला धरून होईल.

सोबत चाकाची सुधारलेली आकृती पाठवत आहोत. आऱ्याचं कुसू तुंब्यात किती खोल जातं, ते माप तुम्ही सांगितलं तसं बदललं आहे, आणि भोकाची निमुळती बाजू या वेळी बाहेरच्या अंगाला दाखवली आहे. पुठ्ठ्यांच्या जोडावर आरा येऊ द्यायचा नाही, हेही रेषेने दाखवलं आहे. कुठे चूक दिसली तर तांबड्या पेन्सिलीने खूण करून परत पाठवा, ती दुरुस्त होईपर्यंत आकृती छापायला देणार नाही.

तुमचे अत्यंत ऋणी,
‘रथ’ शब्दाची टिपणं करणारे आम्ही सर्वजण