साबण आहे का बेसिनवर?

संपादक महोदय, नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. कोरोनात हात कसे धुवायचे हे आम्ही इतकं घोकून घेतलं होतं की लहान पोरांनाही पाठ झालं, तळहात, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं, सगळं वीस सेकंद. आजही विचारा, घडाघडा सांगतात. पण दुपारी खिचडीची घंटा झाली की तीच पोरं नळाखाली नुसते हात धरतात, चड्डीला पुसतात आणि पंगतीला बसतात, कारण नळावर साबणच नसतो.

जो तो म्हणतो लोकांना कळत नाही, जनजागृती करा. मला हे अजिबात पटत नाही. कोरोना यायच्या आधीचं, २०१८ चं राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण बघा, शौचाहून आल्यावर साबणाने हात धुणारी कुटुंबं ७४.१ टक्के आणि जेवणाआधी साबण लावणारी फक्त ३५.८ टक्के. म्हणजे साबण घरात आहे, तो कशाला वापरतात तेही माहितीये, पण जेवणाआधी हात "तसे स्वच्छच" वाटतात. आपल्याकडे तर जेवण झाल्यावर साबण लागतो, मटणाचा वास आणि तेलकटपणा जावा म्हणून! जी घाण दिसते, चिकटते, तिच्यासाठी साबण. २०२० मध्ये न दिसणाऱ्या गोष्टीची भीती बसली म्हणून आपण दिवसातून दहादा हात धुतले, भीती गेली आणि सवय पण गेली.

आता काही जण म्हणतात की कोरोना मुख्यतः हवेतून पसरत होता हे नंतर कळलंच की, मग हात धुवून काय मिळालं. अहो पण हगवण, टायफॉईड, कावीळ, जंत हे कुठं हवेतून येतात, ते हातातून तोंडातच जातात ना, आणि आपण भाकरी हाताने कुस्करून खाणारी माणसं. कोरोना नव्हता तेव्हाही माझ्या वर्गातली पोरं पावसाळ्यात जुलाबाने घरी बसायची, आणि आजही बसतात.

दुसरं म्हणजे सॅनिटायझर. त्या काळात सगळीकडे बाटल्या आल्या आणि लोकांच्या डोक्यात बसलं की दोन थेंब चोळले की हात साफ. तसं नसतं. हात मातीने, तेलाने भरलेले असले की सॅनिटायझर नीट काम करत नाही, आणि मैदानातून आलेल्या पोराचे हात मातीनेच भरलेले असणार. जुलाब-उलटीचा नोरोव्हायरस तर अल्कोहोलला फारशी दाद देत नाही. साबण मळ सुटा करतो आणि पाण्याबरोबर सगळं वाहून जातं, त्याला पर्याय नाही. आणि लहान मुलांच्या आसपास या बाटल्या ठेवणं धोक्याचंच, यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात ३१ जानेवारी २०२१ ला पोलिओच्या डोसऐवजी १२ बालकांना सॅनिटायझर पाजलं गेलं होतं, हे विसरायला नको.

राहिलं पाणी. आमच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्यामुळे उन्हाळ्यात वीस सेकंद नळ चालू ठेव असं मी कुठल्या तोंडाने सांगू? पण नळ सतत चालू ठेवायची गरजच नसते, हात ओले करायचे, नळ बंद, साबण चोळायचा, मग धुवायचं. पाच लिटरच्या कॅनला भोक पाडून दोरीने लाकडाला बांधायचा, खाली पायाने काठी दाबली की कॅन वाकतो आणि बारीक धार येते, टिप्पी टॅप म्हणतात त्याला, अगदी थोड्या पाण्यात हात धुवून होतात. वडी चोरीला जाते अशी तक्रार असेल तर बाटलीत पाणी आणि थोडी धुण्याची पावडर घालून ठेवली तरी चालतं.

कोरोनात बसस्थानकावर, बँकेबाहेर, ऑफिसांच्या दारात पायाने चालणारी बेसिनं उभी राहिली होती, त्यातली आमच्या भागातली बहुतेक आता कोरडी पडलीत, काहींत गुटख्याच्या पुड्या. नवीन काही बांधू नका, आहे त्यातच पाणी आणि साबण द्या. ग्रामपंचायतींना पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवलेला निधी येतो, शाळेच्या नळाचा विचार त्यात सगळ्यात आधी व्हायला हवा, आणि साबण कोणी भरायचा, कोणत्या वारी भरायचा हे एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा, नाहीतर सगळ्यांचं काम म्हणजे कोणाचंच नाही.

दरवर्षी १५ ऑक्टोबरला जागतिक हात धुवा दिन असतो, शाळाशाळांमधून फोटो येतील तुमच्याकडे. तुमच्या वार्ताहरांना एवढंच सांगा की त्या दिवशी न जाता डिसेंबरात कधीतरी न सांगता जा, शाळेचा, बसस्थानकाचा, सरकारी दवाखान्याचा नळ उघडून बघा, शेजारी साबण आहे का बघा, आणि जे दिसेल ते छापा. आमच्या शाळेपासून सुरुवात केलीत तरी चालेल.

आपली,
एक शिक्षिका, लातूर जिल्हा