बॅटरी ग्राहकालाच बदलता यावी

२००३ साली बाजारात आलेल्या नोकिया ११०० चे मागचे झाकण नखाने सरकवले, की बॅटरी हातात येत असे आणि नवी बॅटरी कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळत असे. आजच्या बहुतेक स्मार्टफोनमध्ये ती आत गोंदाने चिकटवलेली असते; त्यामुळे तिची क्षमता उतरली, की पडदा आणि कॅमेरा शाबूत असलेला फोनही अनेक जण मोडीत काढतात. (फोन सडपातळ झाले, हे खरे, पण त्याची किंमत ग्राहकच मोजतो.) युरोपीय महासंघात फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, अशा बॅटऱ्या वापरकर्त्याला बदलता येणे सक्तीचे होणार आहे. आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, हे स्वागतार्हच. तथापि सुटे भाग वाजवी दरात पुरवणे कंपन्यांना कायद्याने बंधनकारक करावे.

– एक वाचक, ठाणे