स्पीकर बंद ठेवायला हवा होता

प्रिय अव्या,

दिवाळीनंतर ना पत्र, ना फोन. शिव्या घालून घे, मग पुढचं वाच. गुडघा आहे तसाच, आईची साखर ताब्यात. फोनवर सांगता येईना म्हणून लिहितोय.

मंगळवारी पालघर किनाऱ्यावरच्या एका गावात अणुभट्टीच्या आणीबाणीचा सराव होता. तेच सगळं: शाळेच्या मैदानात मंडप, खुर्च्यांवर पाहुणे, वडाखाली आपली गाडी. शिशाच्या किल्ल्यात किरणोत्सर्ग ओळखणारा जर्मेनियमचा डिटेक्टर, त्याला थंड ठेवायला द्रव नायट्रोजन, आणि खड्ड्यांनी खिळखिळा झालेला मी. तुझ्या वसईच्या सुकेळ्यांची आठवण निघाली. 'अज्ञात नमुना' म्हणून बीकरात भरून ठेवलीस आणि आलेखात १४६० केव्हीला केळ्यातल्याच पोटॅशियमचं शिखर बघून त्या नव्या पोराला घाम फुटला! त्याने तुला अजून माफ केलेलं नाही.

पाहुण्यांना किर्र किर्र ऐकायला आवडतं, म्हणून किरणोत्सर्ग मोजायच्या मीटरचा स्पीकर मी चालू ठेवला होता. हो, माहीत आहे. ह्याच्यावरूनच चारोटीच्या धाब्यावर तू ताटावरून उठला होतास. तुझं ते गोयानियाचं पालुपद: १९८७ मध्ये ब्राझीलच्या त्या शहरात किरणोत्सर्गी सीझियम सांडलं, लाखावर माणसं तपासली, सापडलं २४९ जणांच्या अंगावर, पण हॉटेलवाले सगळ्याच गावाला दारात उभं करेनात, शेवटी लोकांना 'आम्ही स्वच्छ' म्हणून दाखले द्यावे लागले. माणूस मोजताना इअरफोन लावायचा, म्हणायचास. मी म्हणालो होतो, ब्राझीलला बदली मागून घे.

तर मोजणीच्या रांगेत एक काकू आल्या आणि मीटर बोंबलला. सरावातला नाही, खरा. मागच्या बायका दोन पावलं सरकल्या. एकीने पोर उचलून कडेवर घेतलं.

काकूंना गाडीत नेलं. सोडियम आयोडाइडचा छोटा डिटेक्टर हातभर लांब धरला तरी ३६४ ला शिखर. आयोडीन १३१, भट्टीत तयार होणारं किरणोत्सर्गी आयोडीन! अणुभट्टीच्या शेजारी, अव्या. पाय लटपटले. मग डोकं चालायला लागलं. भट्टीतून सुटलं असतं तर एकटं आलं नसतं. आयोडीनचे बाकीचे भाऊबंद, सीझियम, सगळी वरात आली असती. टपावरच्या हवेच्या फिल्टरवर हवेत असतोच त्या रेडॉन वायूच्या नेहमीच्या पिलावळीखेरीज काही नाही. गवत स्वच्छ, दूध स्वच्छ. काकूंच्या हातावर, पदरावर काही नाही. सगळं गळ्याशी.

मी विचारायच्या आधीच त्या हळूच म्हणाल्या, "मुंबईला थायरॉइडचं औषध दिलंय. नऊ दिवस झाले. घरी सांगितलंय, बहिणीकडे गेले होते. पोरीचं जमवायचं चाललंय, साहेब."

औषध म्हणजे हेच आयोडीन. आठ दिवसांत निम्मं होतं ते. निम्म्याहून कमी उरलेलं, तरी ही बोंब.

मी बाहेर आलो आणि माइकवर सांगितलं, "मशीन बिघडलं होतं." अख्खा मंडप हसला. काकूंकडे कुणी वळून बघितलं नाही. तेवढं साधलं.

पण तेव्हापासून झोप नाही. उद्या तो आवाज खरंच आला तर? थायरॉइड वाचवणाऱ्या साध्या आयोडीनच्या गोळ्या वेळेत घेतल्या तरच उपयोगाच्या; 'मागच्यासारखं बिघडलं असेल' म्हणत गाव ओट्यावर बसून राहिलं तर? आम्ही निघालो तेव्हा शाळेतली पोरं तोंडाने किर्र करत एकमेकांना मोजत होती आणि 'बिघडलं, बिघडलं' ओरडत होती. २०१० ला दिल्लीत मायापुरीच्या भंगारात किरणोत्सर्गी कोबाल्ट आलं तेव्हा ओरडायला मीटरच नव्हता, एक माणूस गेला. इथे मीटर होता, बरोबर ओरडला, आणि त्याला खोटं पाडलं मी.

आता अहवाल. 'वैद्यकीय कारण' लिहिलं तर काकू उघड्या पडतात; मीटर त्या दिवशी एकाच बाईवर वाजलाय, आणि कागद किती टेबलांवरून फिरतो ते तुला सांगायला नको. 'उपकरणात बिघाड' लिहिलं तर सकाळीच केलेलं कॅलिब्रेशन खोटं ठरतं. शिवाय आपल्याकडे एक नवी मुलगी आलीय, तुझ्याइतकीच हट्टी. म्हणते, "सर, मी सही करणार नाही. मशीनचं काही चुकलेलं नाही." तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तू असतास तर काय लिहिलं असतंस? आणि गावात परत जाऊन काही सांगायचं तर काकूंचं नाव न येता कसं सांगायचं?

तुझी द्राक्षं या वर्षी कशी? सईचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

सोमवारी अहवाल द्यायचाय. त्याआधी फोन कर. 'मी सांगितलं होतं' हे पहिल्या वाक्यात नको, दुसऱ्यात चालेल.

तुझा,
नंद्या

ता. क. तुझा इअरफोन गाडीच्या खणातच सापडला. चालतोय.