खिडकीचा काळा कागद

मुलुंड,
18 मे 2025

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आंब्याची पेटी पोचली. पाच-सहा डागी निघाले, बाकी उत्तम.

बाबा, फोनवर पाकिस्तानशी झालेल्या लढाईवर बोलायला गेलं की आपला दोघांचाही आवाज चढतो, म्हणून लिहितेय.

7 तारखेच्या सकाळी आपण पाकिस्तानवर केलेल्या हल्ल्याची बातमी वाचली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पहलगामला अतिरेक्यांनी मारलेल्या 26 जणांत डोंबिवलीचे तिघे होते. आपल्याच सेंट्रल लाइनची माणसं. पण दुपारी चारला मॉक ड्रिलचा भोंगा वाजला आणि सराव आहे हे ठाऊक असूनही पोटात गोळा आला. घरी आले तर चिरंजीव विचारतात, ‘आई, खिडकीला काळा कागद कधी लावायचा?’

ही तुमची करणी! 1971 चा ब्लॅकआउट, परळची चाळ, काचांना चिकटवलेले कागद, अंधारात गॅलरीत जमलेली पोरं. तुमच्या गोष्टीत नुसती धमाल असते. आजी त्यात कुठेच नसते. ती रात्रभर टक्क जागी असायची, हे मला आईकडून कळलं.

8 तारखेच्या रात्री एक वाजता तुमचा फोन आला, ‘कराची बंदर उडवलं!’ सकाळी कळलं, तसं काही झालेलंच नव्हतं. तुमचं बीपी मात्र खरंच वाढलं होतं.

मग 10 तारखेची संध्याकाळ. ‘फसवलं आपल्याला,’ म्हणालात आणि जेवला नाहीत. मला नाही वाटत तुम्हाला लढाई थांबल्याचा राग आला. ती थांबल्याचं दिल्लीच्या आधी अमेरिकेच्या अध्यक्षांकडून कळलं, ते लागलं तुम्हाला. घरातली गोष्ट शेजाऱ्याच्या तोंडून कळावी तसं. मलाही लागलं.

आई, तुला 1990 चा ऑगस्ट आठवतो? इराकने कुवेत घेतलं आणि मामा तिकडे अडकला. परराष्ट्रमंत्री गुजराल बगदादला जाऊन सद्दामला भेटले. त्या गळाभेटीचा फोटो छापून आला, टीका झाली. बाबा, तुम्हीही चिडला होतात म्हणे. पण त्याच सरकारने 1 लाख 70 हजारांहून जास्त माणसं अम्मानहून विमानांनी परत आणली. मामा बसने बगदाद, मग अम्मान आणि तिथून सहार विमानतळावर उतरला. मी सहा वर्षांची. त्याच्या हातात एकच पिशवी होती आणि दाढी इतकी वाढलेली, की मी आईच्या मागे लपले. त्यानंतर कितीतरी दिवस आई सांगायची, ‘आपलं विमान गेलं न्यायला.’ त्या वाक्याने आपल्या घराला जो धीर दिला, तो मला या मे महिन्यातल्या एकाही चॅनलवर सापडला नाही. एखाद्या वेळी मिठी मारावी लागते, एखाद्या वेळी मारावंही लागतं. कधी काय, ते दिल्लीला कळत असेल. पण खरं काय घडलं ते आम्हाला वेळेवर सांगा, एवढंच माझं म्हणणं.

बाबा, रात्री नऊनंतर टीव्ही बंद. गोळ्या संपत आल्या असतील, इथून पाठवते. मामाला एक फोन करा, तोही सध्या जागाच असतो.

चिरंजीवांनी हॉलच्या एका काचेला चित्रकलेचा काळा कागद सेलोटेपने चिकटवलाय. अजून काढू देत नाही. मीही फार मागे लागले नाहीये.

तुमची,
चिमी